गल्लीराजमधले अप्पा

दुपारची भांडी घासून झाली की गिरिजाबाई पलंगावर टेकायच्या आणि मोबाइलवर मोटारसायकली चोरायच्या. मनगटाचं प्लॅस्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, अंगठा हलता ठेवा. म्हणून मुलीनं, शिवलीलानं, ‘गल्लीराज’ हा खेळ मोबाइलवर घालून दिला होता. त्यातला लाल जाकिटातला गुंड त्यांच्या अंगठ्यावर चालायचा. त्याला बोलता येत नव्हतं. धमकाव, ढकल, मार, पळ, एवढीच बटणं.

माणसं लुटताना काहीतरी वाटेल असं त्यांना वाटलं होतं. वाटलं नाही. तसं वर्षभर कशाचंच काही वाटत नव्हतं. खिचडी करपली तरी वासाच्या आधी धूर दिसायचा.

खेळातलं गाव लातूरच होतं. कंपनीनं गावोगाव फिरून ‘शहरठसे’ घेतले होते. कॅमेऱ्यानं गल्ल्या टिपल्या आणि राजीखुशीनं आलेल्या माणसांची चाल आणि बोलीही. तासभर बोलायचं, वर्षभर रिचार्ज फुकट. त्या बोलण्यातून यंत्र एक साचा घडवायचं. मग तो माणूस खेळात रस्त्यानं फिरायचा आणि आयुष्यात कधी न बोललेली वाक्यंसुद्धा आपल्याच ढंगात बोलायचा. अशांना वाटसरू म्हणत.

गिरिजाबाईंचे यजमान, मन्मथअप्पा, कापडदुकानात कामाला होते. तेही गेले होते ठसा द्यायला. परत आल्यावर गिरिजाबाई म्हणाल्या होत्या, “यंत्रापुढं तासभर बोललात? मग घरी येताना जीभ काय दुकानात ठेवून येता?” अप्पा नुसते हसले होते. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

आणि एका दुपारी गंजगोलाई बाजारातल्या कापड लाइनीत गुंड उभा असताना समोरून अप्पा आले. तागे उचलून उचलून उतरलेला डावा खांदा, हातात पिशवी.

गिरिजाबाईंनी बघितलं. उठून चहा टाकला, प्याल्या, कप विसळला. मग येऊन बसल्या आणि ‘धमकाव’ दाबलं.

“घे बाबा,” पाकीट पुढं करत अप्पा म्हणाले. “घाई काय आहे एवढी.”

आवाज तोच होता.

वाटसरू आपण होऊन बोलत नसत. भीती जितकी वाढेल, तितकं बोलत. ढकललं की अप्पा म्हणायचे, “चष्मा तेवढा राहू दे.” आणि ‘मार’वर अंगठा नुसता टेकवून ठेवला, की गुंड सुरा उगारायचा आणि त्याकडं बघत अप्पा म्हणायचे, “घरी बायको वाट बघायलीय रे.”

गिरिजाबाई त्यांना रोज लुटू लागल्या.

एक दिवस शिवलीला मागं येऊन उभी राहिली. “आई, हे अप्पा हायेत?”

“हो.”

“तू अप्पांना सुरा दाखवायलीस?”

“त्याशिवाय बोलत नाहीत. घरी तरी मी वसकल्याबिगर ते कधी बोलले?”

शिवलीला शेजारी बसली. “परत दाखव,” ती हळूच म्हणाली.

मग खेळात सुधारणा आली. वाटसरूंना ‘स्मरण’ मिळालं. आपल्याला कुणी लुटलं ते आता त्यांना आठवणार होतं. त्या दुपारी अप्पांनी लाल जाकीट बघितलं आणि रस्ता ओलांडला. दुसऱ्या दिवशी पिशवी छातीशी धरून ते बोळात शिरले. गुडघा धरून, लंगडत पळाले. अख्ख्या संसारात गिरिजाबाईंनी त्यांना पळताना बघितलं नव्हतं. त्यांनी मोबाइल उशीवर पालथा ठेवला.

“दुसरा गुंड घेऊन बघू का?” त्यांनी संध्याकाळी शिवलीलाला विचारलं.

“उपयोग नाही. साचा चालीवरून ओळखतो, आणि तुझ्या अंगठ्याची चाल कुठल्याही गुंडात तीच ऱ्हाणार.”

“मग हे विसरतील कधी?”

“विसरणार नाहीत. नवीन काही आठवायला दिलं तर बघ. काहीच करू नको त्यांना.”

गिरिजाबाईंनी गुंडाला एका मिटलेल्या दुकानाशी नेऊन अंगठा उचलला, तसा तो पायरीवर बसला. खेळाला ते पसंत पडलं नाही. ‘ऊठ मर्दा’ अशी अक्षरं पडद्यावर नाचायची. अप्पा पलीकडच्या कडेनं मान खाली घालून जायचे. पुढं पुढं मान वर असायची. मग एकदा रस्त्याच्या मधून गेले. गिरिजाबाई अंगठा पदरात गुंडाळून बघत राहायच्या.

नुसता बसलेला गुंड म्हणजे बाकीच्यांना आयतं सावज. एका दुपारी दुसऱ्या खेळाडूंनी त्याला पायरीवरून ओढून बदडलं. गिरिजाबाईंनी ‘पळ’ दाबलं नाही. अप्पा यायची वेळ झाली होती. टोळकं गेलं, गुंड रस्त्यात पडून राहिला, आणि अप्पा आले.

थांबले. इकडंतिकडं बघितलं. मग जवळ येऊन, पिशवी खाली ठेवून, गुडघ्यावर हात देत वाकले.

“लय लागलं का?” ते म्हणाले. कुणी काही दाबलेलं नव्हतं. “जेवलास का लेकरा?”

पडद्याच्या कडेला बटणं उजळली. धमकाव, ढकल, मार, पळ.

गिरिजाबाईंनी मोबाइल तोंडाजवळ नेला. “नाही अजून,” त्या म्हणाल्या. “तुम्ही?”

“आई,” शिवलीला दारातून म्हणाली, “माइक नाही या खेळाला. त्यांना काही ऐकू जात नाही.”

अप्पा तसेच वाकून होते. मागची गर्दी त्यांना वळसा घालून चालली होती.

“मग हे कशासाठी थांबलेत?” गिरिजाबाईंनी विचारलं.