नऊ मीटर निवळशंख पाणी

"मॅडम, मी न्हाय मारलं त्याला!"

एवढं म्हणून संघपाल दारातच मटकन खाली बसला आणि साहेबरावांचा बशीत ओतलेला चहा बशीतच राहिला.

रविवारची सकाळ होती. बारामतीतल्या आपल्या कचेरीत शगुफ्ता मुलाणी नुकती येऊन बसली होती. खाजगी तपासनीस म्हणून बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत तिचं नाव होतं. साहेबराव तिचे मदतनीस, निवृत्त हवालदार. चौतीस वर्षं पोलिसात काढूनही त्यांना गुन्हेगार नेहमी शेवटी कळायचा, तोही शगुफ्ताने सांगितल्यावर!

"नीट सांग," शगुफ्ता म्हणाली.

संघपाल स्कूबाचा प्रशिक्षक. लासुर्ण्याच्या शिवारात एक जुनी दगडखाण आहे, पाण्याने भरलेली. तिथं रविराज नावाच्या माणसाने पर्यटकांसाठी स्कूबा सुरू केलं होतं आणि लोकांना पाण्याखाली न्यायचं काम संघपालकडे दिलं होतं. काल, शनिवारी, ऋतिक नावाचा चोवीस वर्षांचा पोरगा खाणीच्या तळाशी मेला.

"रविराजदादा सांगत्यात, मीच त्याला हट्टानं खोल नेलं. फौजदार म्हणाले, सोमवारी सकाळी ये, अटक करायची हाय. घरी चार महिन्यांची लेक हाय, मॅडम."

"खोल म्हणजे किती?"

"नऊ मीटर. त्यो समुद्रात तीस मीटर जाऊन आल्याला गडी! सकाळी आमची बाचाबाची झाली, ती खरी. त्याला लगेच तळाला जायचं व्हतं, मी थांब म्हणत हुतो. पण खाली गेल्यावर त्यानं काय धडपड केली न्हाय. निस्ता सैल पडला. वर आणला तर सिलिंडर अर्धा भरल्याला."

"चेहरा कसा होता?"

"गुलाबी. गाल, ओठ, समदं गुलाबी. जत्रंतनं फिरून आल्यागत."

साहेबरावांनी कालव्यातून डझनभर प्रेतं काढली होती. एकही गुलाबी नव्हतं. "तरणं रक्त होतं, दुसरं काय!" ते म्हणाले.

"सिलिंडर कुणी भरले होते?"

"शुक्रवारी रविराजदादांनी. माझा तेवढा मी आदल्या हप्त्यात भरून ठेवल्याला."

दुपारी दोघं खाणीवर पोहोचले. काल जिथं पोरगा मेला, तिथंच काठावर आठ-दहा जण मोबाइल उंच धरून रील काढत होते. एक जण तर डोळे मिटून मेल्याचं सोंग करत होता! बाकीचे खिदळत होते. दोरीवर तोंडात धरायच्या रबरी नळ्या वाळत घातलेल्या. न धुतलेल्या, लाळ सुकून पांढरी झालेली, त्यावर माश्या.

"शी!" साहेबरावांनी नाकाला रुमाल लावला.

फाटकावर मोठा फलक होता: 'मगर नाही. भोवरा नाही. विषारी साप नाही. खोली फक्त नऊ मीटर.' त्याखालीच दगडावर कुणी हिरव्या बांगड्या आणि हळदकुंकू वाहिलं होतं. पाण्यातल्या आसरांनी पोरगा ओढला, अशी गावात कुजबुज होती.

रविराज हसतहसत सामोरा आला. अंगावर अत्तराचा एवढा भपका, की कांदाही शरमावा.

"या, या! बसा. आइस्क्रीम घेणार का? अहो, लोकं लई भित्री. पुढच्या रविवारच्या अकरा जणांनी नको म्हणून कळवलं. एक पोरगा गेला म्हणून पाण्याची काय चूक?"

साहेबरावांना वाटलं, याच्या आइस्क्रीमपेक्षा गटारातलं पाणी बरं.

"सिलिंडर तुम्हीच भरले?" शगुफ्ताने विचारलं.

"मीच! शुक्रवारी दुपारी दोन ते पाच. शेतातल्या विहिरीच्या मोटरचं कनेक्शन आहे ना, त्याच्यावरच हवा भरायचा कॉम्प्रेसर चालतो."

"दुपारी लाइट होती?"

"होती की! हा फ्रीज दिवसभर सुरू होता. आइस्क्रीम बघा ना, दगडासारखं!"

"आणि ते कॉम्प्रेसरच्या शेडमागचं डिझेल इंजिन?"

"ते? दोन वर्षांत हात लावला नाही. जाम झालंय."

"ऋतिकचा सिलिंडर कुठं आहे?"

"मोकळा केला. भरलेला पडून राहिला आणि फुटला म्हणजे? धोका नको."

शेडमागे शगुफ्ता बराच वेळ उभी राहिली. भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत ताजा चुना मारला होता, पण फक्त इंजिनासमोर. कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी त्याच भिंतीतल्या खिडकीतून बाहेर आली होती. तिने नळीत रुमाल फिरवला. बाहेर आला तो काळा, चिकट, रॉकेलात बुडवलेल्या चिंधीसारखा.

बांधावर खाटेवर बाबूलाल जांभया देत होता. रविराज राहायचा बारामतीत. त्याचं शेत बाबूलालच बघायचा.

"चाचा, दुपारची झोप?" शगुफ्ताने विचारलं.

"रातभर उसाला पाणी धरतुय, पोरी. सोमवारपासनं ह्यो अख्खा हप्ता रातपाळी. दिसा डोळा लागंल तेवढाच."

"शुक्रवारी लागला का?"

"कशाचा लागतुय! दुपारी धूर आला, डोळं चुरचुरलं. कुणीतरी पाचट पेटवलं म्हणून शिव्या दिल्या आन खाट उचलून लिंबाखाली नेली."

शगुफ्ताने चहूकडे नजर फिरवली. जिकडं बघावं तिकडं डोक्याच्या वर गेलेला हिरवागार ऊस.

शेवटची भेट इंदापूरला, प्रतिक्षाची. ऋतिकची होणारी बायको. शनिवारी तीही पाण्यात उतरली होती. मामाच्या घरी ओट्यावर ती गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"मी दहा मिनिटांत वर आले," ती म्हणाली. "डोकं ठणकायला लागलं. मळमळलं. तोंडात बसच्या धुरासारखी घाण चव आली. मला वाटलं, साप दिसेल म्हणून घाबरलेय. ऋतिकनंही तसंच खुणावलं, भित्री म्हणून चिडवलं आणि खाली गेला."

"तुझं सामान?"

"ॲम्ब्युलन्सच्या मागं निघाले, तसंच गाडीच्या डिकीत आहे. सिलिंडरसकट. हात लावायचीही किळस येते."

"लावू नकोस," शगुफ्ता उठली. "फक्त किल्ली दे."

संध्याकाळी पाचला तिने सगळ्यांना खाणीवर बोलावलं. फौजदार आले होते. संघपाल मान खाली घालून, रविराज पाय पसरून बसला होता. साहेबराव मनातल्या मनात पैज लावत होते: बाबूलाल? की आसरा?

"इथं सगळे पाण्याला घाबरले," शगुफ्ताने सुरुवात केली. "साप, मगर, खोली, आसरा. खोलीत ऋतिक मुरलेला होता. सिलिंडर अर्धा होता, म्हणजे हवा संपली नव्हती. धडपड नाही, गुदमरून निळा पडला नाही, उलट गुलाबी झाला. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तात गेला की माणूस असाच गुलाबी होतो आणि गाढ झोपल्यासारखा जातो. खोलीवर तो जास्तच भिनतो. ऋतिकला पाण्यानं नाही, पाठीवरच्या हवेनं मारलं."

"वा!" रविराज हसला. "मी मोटरवर भरली हवा. लाइट होती, सांगितलं ना!"

"फ्रीजला होती. फ्रीज घरच्या लाइनवर चालतो, ती दिवसभर असते. तुमचा कॉम्प्रेसर विहिरीच्या थ्री-फेजवर. शेतीची थ्री-फेज एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री. बाबूलालचाचा सोमवारपासून रात्री उसाला पाणी देतायत. माझं माहेर वडगाव निंबाळकरचं, रविराज. तिथल्या दुसरीतल्या पोरालाही लाइटची पाळी पाठ असते. शुक्रवारी दुपारी तुमची मोटर हललीच नसेल. तुम्हाला रात्र जागायची नव्हती, म्हणून इंजिनाचा पट्टा कॉम्प्रेसरला चढवलात."

साहेबरावांनी कपाळावर हात मारला. फ्रीज! ते फ्रीजवरच फसले होते.

"इंजिन जाम आहे!"

"मग चाचांच्या डोळ्यांत धूर कसला गेला? पाचटाचा? पाचट ऊस तुटल्यावर राहतं, इथं तर सगळा ऊस उभा आहे. भिंतीवरची काजळी तुम्ही चुन्यानं झाकली, पण नळी आतून पुसायला विसरलात. आणि ऋतिकचा सिलिंडर घाईनं मोकळा केलात. तो चुन्याचा हात मारताना तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, पोरगा कशानं मेला. तरी नाव घेतलंत संघपालचं."

"पुरावा काय?"

शगुफ्ताने प्रतिक्षाचा सिलिंडर पुढे ओढला. एमआयडीसीतल्या ओळखीच्या कारखान्यातून वायू मोजायचं छोटं यंत्र तिने आणलं होतं. तिने तोटी किंचित फिरवली. यंत्र किंचाळायला लागलं आणि सगळ्यांच्या नाकात तो कुबट, तेलकट वास शिरला. फौजदार दोन पावलं मागं सरले.

"हेच तुम्ही पोरांच्या तोंडात दिलंत," शगुफ्ता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण रविराजचं हसू गळून पडलं.

"एवढ्याशा धुरानं कोण मरतंय, असं वाटलं मला," तो पुटपुटला. फौजदारांनी त्याचा दंड धरला.

साहेबरावांनी संघपालच्या पाठीवर थाप मारली. "सुटलास लेका! जा घरी, लेकीला घे."

संघपाल हलला नाही.

"मॅडम, सिलिंडर देण्याआदी हवा हुंगून बघायची असती. मी शिकलोय ते. शनिवारी साप बघितलं, तळ बघितला, पट्टं ओढून बघितलं. हवा न्हाय बघितली. दादांनी भरलीय म्हणून."

"अरे, गप बस की!" साहेबराव घाईने कुजबुजले. "कुणी विचारलंय तुला? कशाला ओढवून घेतोस?"

संघपालने त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि तो फौजदारांपाशी गेला. "साहेब, ह्ये बी लिवून घ्या."

फौजदारांनी नवा कागद काढला. दुपारपासून साहेबरावांना या खाणीवरच्या प्रत्येकाची किळस आली होती. आता त्यांना आपलीच कुजबुज कानात ऐकू येत होती. ते उठले, पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, आणि शगुफ्ताने दोनदा हाक मारली तरी त्यांनी वळून बघितलं नाही.