पत्त्याचा रकाना

मावशीची एक सवय अख्ख्या शाळेला ठाऊक होती. शाळेच्या कचेरीत काउंटरपलीकडून कुणी काही विचारलं, की प्रवेशवही उघडता उघडता तिचा डावा पंजा पत्त्याच्या रकान्यावर जायचा. शिक्के मारून मारून तो पंजा कायम जांभळा, करंगळी वाकडी. “अगं, पत्ता लोकांनी विश्वासानं दिलेला असतो,” ती भाचीला बजावायची.

मावशी जाऊन वर्ष झालं. तिच्या खुर्चीवर आता भाची बसायची. मावशीनंच वाढवलेली, याच शाळेत शिकलेली, अजून मावशीच्याच घरात राहणारी. स्वभावानं मात्र भलतीच मऊ.

मधल्या सुट्टीत एक गृहस्थ आले. हातात बुटांचा खोका.

“चौथीतल्या पोरीचा काका मी. वाढदिवस आहे हो तिचा. घर बदललंय म्हणे. पत्ता तेवढा द्या.”

भाची विरघळली. आधी नाव तरी बघू, म्हणून तिनं वही काउंटरवरच उघडली, पान काढलं, आणि नेमका मुख्याध्यापिकांच्या खोलीतला फोन वाजला. वही तशीच टाकून ती धावली. फोनवर कुणीच बोललं नाही.

रिसीव्हर ठेवताना तिला एकदम आठवलं. प्रवेशाच्या दिवशी त्या पोरीची आई हात धरून म्हणाली होती, “कुणालाही सांगू नका हो ताई. त्याला घर सापडलं, तर पोरगी गेली माझी.”

ती धावत परतली. गृहस्थ भिंतीला चिकटून उभा होता, मनगट चोळत.

“त्या बाईंना हात काढायला सांगा.”

कचेरीत दुसरं कुणीच नव्हतं.

खोका तिथेच टाकून तो चालता झाला. भाचीनं वहीत पाहिलं. पोरीच्या पत्त्यावर जांभळा पंजा उमटला होता. अख्खा रकाना झाकलेला. शाई ओली. करंगळी वाकडी.

“मावशे, अगं!” तिला हसूही आलं आणि रडूही.

तेवढ्यात शिपाईकाका आत आले. “ताई, कोण होता तो? गेटवर मला विचारत होता, कचेरीतल्या बाई राहतात कुठे. मी दिला हाकलून.”

कपाटाच्या तळातून भाचीनं आपल्या वेळची प्रवेशवही काढली, धूळ झटकली, आपलं नाव शोधलं.

तिच्याही पत्त्यावर पंजा होता.

तिनं हलकेच बोट टेकवलं. बोट जांभळं झालं.