सव्वीस छेद चौसष्ट

खडू टेकवला की नवा फळा ‘खड्’ करायचा. पाचवीच्या वर्गाला गंमत, मला संताप. तिसऱ्या ‘खड्’ला मी तरातरा व्हरांड्यात आले. तिथं एक तरुण सुतार पुढच्या वर्गाच्या फळ्याच्या चौकटीला रंधा मारत बसला होता. कानावर पेन्सिल, पापण्यांवर भुसा.

“त्या फळ्याचं काम तुमचंच ना?”

“चांगलं असेल तर माझंच.” त्यानं वर पाहिलं. गरजेपेक्षा चार क्षण जास्तच... मी अशा गोष्टी मोजते.

“चौकटीची खाच सैल झालीय, फळा हलतो! फळ्याची जाडी मी स्वतः मोजून चिठ्ठीत दिली होती. सव्वीस छेद चौसष्ट इंच.”

त्यानं खिशातून माझीच चिठ्ठी काढली. “हे बघा बाई, २६/६४. वरचा सहा उडवला, खालचा सहा उडवला. राहिले दोन छेद चार, म्हणजे अर्धा इंच. तेवढीच खाच पाडली.”

“उडवला? आकडे म्हणजे काय माश्या आहेत?”

“१६/६४ मधले सहा उडवले की पाव येतो. येतो की नाही?”

“येतो, पण—”

“मग! आठ वर्षं पाव इंच असाच काढतोय.”

“तो नशिबानं येतो!” माझा आवाज चढला. “सव्वीसातला सहा असा उपटून काढता येत नाही. वरची अख्खी संख्या आणि खालची अख्खी संख्या, दोन्हींना एकाच संख्येनं भागायचं. इथं दोननं भागा. तेरा छेद बत्तीस. आता दोन्हींना भागेल असं काही उरलं नाही, की थांबायचं. अर्ध्याहून कमीच आहे ते!”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात मुख्याध्यापिका, आमच्या मोठ्या बाई, मागे येऊन उभ्या.

“मिस्त्री, एका फळ्याची ही तऱ्हा, तर उरलेल्या अकरांचं काय? उद्यापासून येऊ नका.”

तो हत्यारं गोळा करू लागला. आणि मी... मी भलतंच बोलून गेले.

“चूक माझी आहे, बाई. मुलांनी संक्षिप्त रूप दिलं नाही की मी अर्धा गुण कापते, आणि चिठ्ठीत स्वतःच दिलं नाही. १३/३२ लिहिलं असतं तर हे झालंच नसतं.”

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून आधी मला, मग त्याला न्याहाळलं. “मग दोघं मिळून निस्तरा.” आणि निघून गेल्या.

वाटलं, आता आभार मानेल. हा उसळलाच! कानावरची पेन्सिल काढून चिठ्ठीवर खसाखसा लिहिलं.

“१३/३२. वर तीन, खाली तीन. मी तेही उडवले असते! परत अर्धाच! चूक माझीच होती, बाई. अंगावर कशाला घेतलीत? कीव आली?”

मी चिठ्ठीकडे बघतच राहिले. गणिताची बाई मी, आणि हे मला दिसलं नव्हतं...

“कीव? तुमच्यासारख्या आडमुठ्याची?”

“मग का?”

“कारण उद्यापासून तुम्ही येणार नव्हतात!”

हे जरा मोठ्यानंच झालं. अख्खी पाचवी खिडकीत गोळा झाली.

तो हळूच खाली बसला. “अकरा फळे आहेत... सावकाश केले तर—”

“सावकाश बिवकाश काही नाही! रोज मधल्या सुट्टीत माझ्यासमोर बसून भागाकार शिकायचा.”

“आणि फळे संपले की?”

“मग घरी या,” मी अजून धुमसतच होते, “आणि आईसमोर बसा. ती माझ्याहून कडक आहे.”