शुक्रवारी चारची ओळ

अंबिलीने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो स्टुलावर उभा होता आणि त्याचं अर्धं डोकं एसीच्या जाळीत होतं.

"अहो चेट्टा, जरा कमी करा ना गारवा," केरळात वयाने मोठ्या पुरुषाला मारतात तीच हाक मारत, ओढणी कानांवर घेत ती म्हणाली. "माणसंही बसतात इथे."

"कमी केला तर यंत्रांना ताप येतो," जाळीतून आवाज आला. मग माणूस खाली उतरला. केसांवर धूळ, चष्मा वाकडा. "आणि ताप आला की ती माझ्या नावाने रडतात. मी प्रजीश. तू अंबिली ना? आठवडाभरात हे सगळं तुझं."

अंबिलीला वाटलं, जमीन दुभंगावी. ज्याच्याकडून काम शिकायचं, त्यालाच तिने मेकॅनिक ठरवलं होतं.

तिरुवनंतपुरमच्या त्या कार्यालयात साऱ्या रक्तपेढ्यांच्या नोंदी एकत्र येत. कुठे कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, याची यादी रोज दुपारी चारला इस्पितळांना जाई. ती पाठवणाऱ्या, नोंदींच्या प्रती काढणाऱ्या, जुना पसारा झाडणाऱ्या चव्वेचाळीस स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांच्या छोट्या फायली, प्रजीशने सहा वर्षांत लिहिल्या होत्या. क्रॉनटॅब नावाच्या एका वेळापत्रकाप्रमाणे यंत्र त्या आपोआप चालवी. आता त्याला कोळिकोडच्या नव्या केंद्रात जायचं होतं. कार्यालयाच्या प्रमुख लीलाम्मा मॅडमची अट एकच होती. दर शुक्रवारी त्याने मेल करून कळवायचं, अंबिली तयार झाली की नाही. झाली, की त्याने निघायचं.

एका आठवड्याचे तीन आठवडे झाले.

"पुसायची आज्ञा आहे? मग तिच्या आधी 'इको' हा शब्द लाव," तो सांगे. "म्हणजे यंत्र काय पुसणार आहे ते नुसतं बोलून दाखवेल. पुसणार नाही."

"माणसांना लावता येतो का हा इको?"

"कशाला?"

"काही नाही... काही माणसं पटकन बोलून बसतात. आधी कळलं तर बरं."

तो हसला की चष्मा नाकावरून घसरे. मग तो मुद्दाम स्क्रीनकडे बघत बोले. "आणि फाइलचा पत्ता नेहमी पूर्ण लिहायचा. स्क्रिप्ट तू हाताने चालवतेस तेव्हा तिला सगळे रस्ते माहीत असतात. वेळापत्रकातून निघाली की ती परक्या गावात असते बिचारी."

"मला नीट नाही कळलं. पुन्हा सांगा ना, प्रजीशेट्टा."

कळलं होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण पुन्हा सांगताना तो खुर्ची जवळ ओढी, आणि बाहेर तुलावर्षाचे, म्हणजे परतीच्या पावसाचे, ढग गडगडू लागले की त्याचा आवाज आणखीच मऊ होई... असं तिला वाटे.

तिसऱ्या शुक्रवारी, अकराच्या सुमाराला, एका कामाची वेळ बदलायची होती. प्रजीश मागून वाकून काहीतरी दाखवत होता. त्याच्या शर्टाला नुकत्याच इस्त्रीचा वास होता. अंबिलीचं बोट ई-वर जायचं ते शेजारच्या आर-वर गेलं, आणि तिने एंटर दाबलं.

ई म्हणजे वेळापत्रक उघड. आर म्हणजे पुसून टाक. यंत्र एका शब्दाने विचारत नाही.

चव्वेचाळीस ओळी गेल्या.

प्रजीश हलकेच म्हणाला, "अंबिली... इतकं करायची गरज नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे... मी राहावं म्हणून..."

ती वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजाला धार होती. "रक्ताच्या यादीशी खेळेन मी? तुमच्यासाठी? एवढे कोण लागून गेलात?"

तो लाल झाला. "चुकलो. माझ्याकडे कालची प्रत आहे, आत्ता घालतो..."

"घालू नका. मी उभं करते."

"चारला यादी जायची आहे."

"साडेतीनपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर तुमची प्रत घाला, आणि मॅडमना सांगा मी नालायक आहे."

प्रजीशने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "ठीक आहे. तोवर मीच वेळापत्रक." आणि खरंच, तो बाजूच्या यंत्रावर बसून दर पंधरा मिनिटांनी एकेक काम हाताने चालवू लागला. एकदाही तिच्या स्क्रीनकडे डोकावला नाही.

यंत्र काय चालवलं आणि कधी, हे रोज लॉगमध्ये लिहून ठेवतं. अंबिलीने तो उघडला. रोजची कामं एका दिवसात सापडली. आठवड्याची सापडायला मागे जावं लागलं, महिन्याची सापडायला आणखी मागे. तिमाहीची दोन कुठेच दिसेनात. मग तिने स्क्रिप्टची यादी लॉगशेजारी ठेवली, लॉगमध्ये नसलेल्या दोन वेगळ्या काढल्या आणि त्यांच्या डोक्यावर प्रजीशने लिहिलेल्या सूचना वाचल्या. वेळा तिथेच होत्या.

दोनच्या सुमाराला ती एका ओळीपाशी थांबली. स्क्रिप्ट उघडून वाचली. पुन्हा वाचली. ओढणीच्या टोकाने तोंड दाबून धरलं आणि पुढच्या ओळीकडे वळली.

"तीन वाजून दहा," ती म्हणाली. "डिफ लावा."

डिफ म्हणजे दोन फायली ताडून बघणारी आज्ञा. दोन्ही सारख्या असल्या की ती काहीच बोलत नाही. प्रजीशने त्याची प्रत आणि तिची, दोन्ही समोर ठेवल्या.

डिफने एकच ओळ दाखवली.

"त्रेचाळीस बरोबर," तो खुशीत म्हणाला, "एकच राहिली, तीसुद्धा..." आणि त्याने ती ओळ वाचली.

"ती मी मुद्दाम गाळली," अंबिली म्हणाली. "शुक्रवारी चारला. लीलाम्मा मॅडमना मेल. 'अंबिली अजून तयार नाही, आणखी एक आठवडा लागेल.' आपोआप!"

प्रजीशने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "खोटं हाताने लिहायला लाज वाटली," तो पुटपुटला. "म्हणून यंत्राला सांगितलं."

"आणि वर मलाच विचारता, मुद्दाम केलंस का?"

तिचं वेळापत्रक चढलं. चारला यादी गेली. बाहेर वीज कडाडली, आणि चार वाजून पाच मिनिटांनी दार ढकलून लीलाम्मा मॅडम आत आल्या.

"प्रजीश, आज तुझा मेल नाही? दोन शुक्रवार ठोक्याला येत होता, काना-मात्रेचाही फरक नाही. मी म्हटलं, माणूस आहे की घड्याळ!" त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तयार आहे का ही?"

प्रजीशने मान खाली घातली. नाही म्हणाला असता तर आणखी आठवडा मिळाला असता. अंबिलीलाही ते ठाऊक होतं.

"मी सकाळी सगळं वेळापत्रक पुसलं, मॅडम," ती म्हणाली, "आणि सव्वातीनच्या आत माझं मी उभं केलं. मी तयार आहे."

"तिने एकटीने केलं," प्रजीश म्हणाला. "ती पहिल्या आठवड्यातच तयार होती."

"म्हणजे तयार नव्हतास तो तू," लीलाम्मा मॅडम म्हणाल्या. "सोमवारी कोळिकोडला हजर हो." जाताना दार त्यांनी नेहमीपेक्षा हळू लावलं.

पावसाचे टपोरे थेंब काचेवर आपटू लागले. प्रजीश वायरी गुंडाळायला लागला. गुंडाळलेली वायर पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळली.

"आता इथे तुमची काही गरज नाही," अंबिली म्हणाली.

"हो... दिसतंय ते."

"म्हणून आता विचारता येतं. कालपर्यंत विचारलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं, कामासाठी अडवतेय." तिने श्वास घेतला. "रविवारी आट्टिंगलला घरी या. अच्छन-अम्मा दोघंही असतात."

वायर त्याच्या हातातून सुटली. "मुलगी बघायला?"

"छे! मुलगा मी बघणार आहे. केळ्याची पळमपोरी अम्मा तळेल. चहा तुम्ही करून आणायचा, खाली मान घालून."

"आणि नापसंत पडलो तर?"

"रात्रीची गाडी आहे कोळिकोडला."

"आणि... पसंत पडलो तर?"

"तरी तीच गाडी. पण पुढच्या शनिवारी परत यायचं. आणि त्याच्या पुढच्याही."

प्रजीशने घाईघाईने खिशातून फोन काढला.

"कुणाला करताय?"

"कुणाला नाही. शनिवारची तिकिटं लवकर संपतात. काढून ठेवतो."

"अहो," अंबिली हसत ओरडली, "आधी रविवार तर उजाडू द्या!"