सातवा बाप

बिश्केकमध्ये समसा, म्हणजे खिमा भरलेले सामोसे, भाजणाऱ्या भट्टीच्या वर आमची चौघांची कंपनी आहे. आम्ही वंशावळीचं अ‍ॅप बनवतो. आमच्याकडे सात पिढ्यांचे बाप तोंडपाठ नसले तर माणसाला चारचौघांत मान खाली घालावी लागते. लग्न ठरताना दोन्हीकडचे सात ताडून बघतात. एक नाव जरी सारखं निघालं तरी मुलगा-मुलगी बहीणभाऊ ठरतात आणि लग्न मोडतं.

चाचणीसाठी मालक टोलोगोननं सगळ्यांना आपापले बाप भरायला लावले. मला सहाच येत होते.

"काय रे मेडेर, सहाव्याला आकाशातून टाकला होता का?" टोलोगोन म्हणाला.

खालून खमंग वास येत होता, भूक लागली होती. मी सातव्या रकान्यात ठोकून दिलं : समसाबेक. असलं नाव कुठलीही आई पोराला ठेवणार नाही.

महिन्याभरानं मी जिबेकला मागणी घातली. ती आमची डिझायनर, दोन वर्षं समोरच्या टेबलावरून माझी टिंगल करत आलेली. "तुला दुसरी कोण मिळणार, माठ्या?" म्हणत ती हो म्हणाली आणि मला भर कचेरीत नाचावंसं वाटलं. टोलोगोननं हौसेनं आमच्या याद्या ताडल्या.

स्क्रीन लाल झाली. सामाईक पूर्वज : समसाबेक.

आम्ही पोट धरधरून हसलो.

"माझ्या यादीत घुसडलंस होय?" जिबेक म्हणाली. "मी तिथं दुसरंच नाव लिहिलं होतं."

"शप्पथ, तुझ्या यादीला हात लावला नाही. माझा सातवा खोटा आहे, एवढंच."

तिनं स्पीकरवर आजोबांना फोन लावला. म्हातारबुवांनी एका दमात नावं म्हटली. "…आणि सातवा समसाबेक."

"आजोबा, हे नाव तुम्ही कधी घेतलं नव्हतं."

"रोज घेतो, पोरी."

हसू थांबलं. निदान माझ्या बाजूचा घोळ मिटावा म्हणून मी बाबांना फोन लावून विचारलं, समसाबेक कोण.

"मी तुला सहाच शिकवले," ते म्हणाले, "ते मुद्दाम. सातवा तुला कुणी सांगितला?"

मी फोन ठेवला. जिबेक उठली, पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला.

"घे ना, दादा," ती म्हणाली.

आपण काय म्हणालो, हे तिला कळलंच नव्हतं.