पाचवा हात

हातांचे साचे घेऊन त्यांची शिल्पं करणं हा माझा व्यवसाय. तान्ह्या बाळाची मूठ, नव्या जोडप्याचे गुंफलेले हात, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या तळव्यात नातीचं बोट. काम धुळीचं आणि चिकाटीचं, पण त्यात गूढ काही नाही. दातांचे डॉक्टर माप घ्यायला तोंडात जो गुलाबी लगदा भरतात, तोच मी बादलीत कालवते. माणसं त्यात हात बुडवून थोडा वेळ स्तब्ध राहतात. लगदा रबरासारखा धरला की हात हलकेच ओढून घेतात आणि आत हातांच्या आकाराची पोकळी राहते. मनगटांच्या भोकांतून मी तिच्यात पातळ प्लास्टर ओतते. दुसऱ्या दिवशी लगदा सोलला की हात बाहेर येतात, नखांच्या चिरा आणि कातडीच्या सुरकुत्यांसकट.

माझी जागा म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरचं जुनं गॅरेज. एक शटर, एक खिडकी, मोठं सिंक आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर सगळीकडे पांढरे हात. शेजारचा लाँड्रीवाला येता-जाता म्हणतो, "ताई, एवढे हात मदतीला, तरी पसारा आवरत नाही?"

एका घरातली धाकटी मुलगी माझ्याकडे आली ती आईवडिलांच्या लग्नाला तीस वर्षं होणार म्हणून. कॉलेज नुकतंच संपलेली, भरभर बोलणारी. "आम्ही चौघं. चौघांचे उजवे हात, एकमेकांत. रविवारी पाहुणे जमणार आहेत, त्यांच्यासमोर उघडायचंय," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी चौघं आले. वडील निवृत्तीच्या जवळ आलेले, कपड्यांना कडक इस्त्री. आई अबोल, दर वाक्याला हसून वेळ मारून नेणारी. मोठा मुलगा उंच, खांदे पाडून चालणारा. मी हातांची रचना बसवून दिली. वडिलांचा हात मुलाच्या हातात, धाकटीचा दोघांवर, आणि आईचा खाली, तळवा किंचित उघडा.

"बाबा, हलू नका हं," धाकटी म्हणाली. "नाहीतर सहा बोटं येतील तुम्हाला."

"येऊ देत. बिलं भरायला उपयोगी पडतील," वडील म्हणाले आणि सगळे हसले.

लगदा धरत आला होता तेव्हा आई एकदम दचकली.

"कोण गुदगुल्या करतंय?"

"मी नाही," मुलगा म्हणाला.

"माझा तर वर आहे हात," धाकटी म्हणाली.

आई हसली नाही. तिनं बादलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. लगदा आवळला जाताना कातडीला असं वाटतं, मी म्हणाले. तसं वाटतंही.

ते गेल्यावर मी प्लास्टर ओतलं. चार मोठ्या हातांना किती लागतं ते मला डोळे मिटून कळतं. तेवढं ओतून झालं तरी पोकळी भरली नाही. मी पुन्हा कालवलं. लगद्यात कुठेतरी हवेचा मोठा फुगा राहिला असणार, असं स्वतःशी म्हणाले. फुगे राहतात. मग शिल्पावर गाठ येते, ती घासून काढायची.

दुसऱ्या दिवशी सोलायला बसले. बादली उपडी करून लगदा बाहेर काढला, म्हणजे जो तळ होता तो आता वर आला. मी वरूनच सोलायला सुरुवात करते. आधी बोटं यायला हवीत.

आधी मनगट आलं.

लहान मुलाचं मनगट, गुबगुबीत, त्यावर वळी. त्याखाली हात. चार वर्षांच्या मुलाचा असेल, जास्तीत जास्त पाच. नखं होती. बोटांच्या पेरांवर सुरकुत्या होत्या. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, ही दोन टोकापर्यंत जोडलेली होती, मध्ये कातडीची पातळ घडी. बोटांची टोकं तेवढी आईच्या उघड्या तळव्याला टेकलेली होती.

मी सुरी खाली ठेवली आणि हात धुतले. पुसून परत येऊन पाहिलं.

बादलीत हात वरूनच जातो. त्याचं मनगट वरच उघडतं, तिथूनच प्लास्टर आत शिरतं. हा हात मात्र बादलीच्या तळातून वर आला होता.

मी धाकटीला फोन केला. "थोडी अडचण आहे. कार्यक्रम पुढच्या रविवारी ठेवता येईल का? आणि आधी सगळेच या."

सोमवारी संध्याकाळी आले. मी कापड उचललं. मला वाटलं होतं, ते चिडतील, निदान घाबरतील तरी. मी उत्तरंही तयार ठेवली होती.

कुणीच काही विचारलं नाही. वडिलांनी एकदा पाहिलं आणि नजर फरशीवर वळवली. त्यांचे कान लाल झाले होते. आईनं पर्स पोटाशी धरली. मुलाचे ओठ हलले.

"बदकू," तो म्हणाला.

"गप्प बस," वडील म्हणाले. अगदी हळू.

"कोण बदकू?" धाकटीनं विचारलं. "दादा? आई, हा कुणाचा हात आहे?"

परक्या घरातलं भांडण कानावर पडल्यावर होतं तसं मला झालं. मी उगाच फळीवरची धूळ पुसू लागले.

वडील माझ्याजवळ आले. इतका नीटनेटका माणूस, पण बोलताना त्यांना माझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं. "हे काढून टाका," ते म्हणाले. "चार लोक येणार आहेत. काय सांगू मी त्यांना? प्लीज."

मी आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. ती हो म्हणाली की नको, ते मला तेव्हा नीट कळलं नाही. मला जे सोयीचं होतं ते मी घेतलं. ती नकोशी वस्तू माझ्या टेबलावरून जावी, एवढंच मला हवं होतं.

मंगळवारी दुपारी शटर अर्धं ओढून मी कामाला बसले. बारीक पात्याची करवत घेतली. आईच्या तळव्याला धक्का लागू नये म्हणून पातं त्या छोट्या बोटांच्या टोकांवरून चालवलं. बाकीचं शिल्प खडखडीत वाळलं होतं, हात लावला की पांढरी भुकटी. या बोटांमधून मात्र जे पडत होतं ते ओलसर होतं. आत ओल राहते, मी स्वतःला समजावलं. जाड मनगटात राहते हे खरं. पण इतक्या बारीक बोटांत?

जोडलेली बोटं शेवटी सुटली.

तळव्यावर राहिलेली टोकं मी घासून काढली. पॉलिश पेपरनं गुळगुळीत केलं. आईचा तळवा आता नुसताच उघडा दिसत होता, काही मागत असल्यासारखा.

वडील शिल्प न्यायला आले. "छान झालंय," ते खोक्यात न बघताच म्हणाले. "आणि ते?"

"टाकून दिलं," मी म्हणाले.

तो हात माझ्या खणात होता, कापसात गुंडाळलेला. टाकायला धजले नव्हते आणि ठेवलाय हे सांगायची लाज वाटली.

रविवारी त्यांचा कार्यक्रम झाला असेल. बुधवारी धाकटी आली, एकटीच. डोळे सुजलेले.

"दादानं सगळं सांगितलं," ती म्हणाली.

तिच्या आधी एक बहीण होती. बोलायची नाही, दिवसदिवस किंचाळायची, कुणी पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत ठेवावं लागायचं. दादा तिला बदकू म्हणायचा, त्या बोटांवरून. ती चार वर्षांची झाली तेव्हा वडिलांची बदली झाली. आई पुन्हा गरोदर होती. वाटेत त्यांनी मुलीला एका संस्थेत सोडलं आणि नव्या गावात एका मुलाचे आईबाप म्हणून बिऱ्हाड मांडलं. नातेवाइकांना कळवलं, ती तापानं गेली. दादाला बजावलं, नाव काढायचं नाही. तोही लहानच होता. त्यानं काढलं नाही.

"म्हणजे ती..." मी चाचरले.

"जिवंत आहे. मी फोन केला होता तिथे. बाबा दर वर्षी पैसे पाठवतात, पण इतक्या वर्षांत कुणी एकदाही भेटायला गेलं नाही." तिनं नाक पुसलं. "आई येत नाही म्हणाली. म्हणाली, कुठल्या तोंडानं येऊ. ताई, तो हात टाकलात का तुम्ही खरंच?"

मी खण उघडला. तिनं कापूस बाजूला केला आणि बोटांच्या सपाट कापलेल्या टोकांवरून अंगठा फिरवला. मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही चला आमच्याबरोबर," ती एवढंच म्हणाली. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

गाडी दादानं चालवली. मी मागे, मांडीवर पुठ्ठ्याचा छोटा डबा, त्यात तो हात.

संस्था म्हणजे एक स्वच्छ, बसकी इमारत, लांबलचक व्हरांडा, फिनेलचा वास. तिथल्या मावशी पन्नाशीच्या, गोड तोंडाच्या. "आलात ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. एवढी वर्षं का आला नाहीत, हे त्यांनी विचारलं नाही. आमच्या तिघांच्याही माना खाली गेल्या.

"शांत आहे हो आता ती. वर्षानुवर्षं आवाज नाही. फक्त गेल्या आठवड्यात मंगळवारी काय झालं कोण जाणे. दुपारची जेवून बसली होती. एकदम किंचाळायला लागली. उजवा हात असा काखेत दाबून. डॉक्टरांनी पाहिलं, कुठे ओरखडासुद्धा नाही. पण तेव्हापासून त्या हातानं चमचा धरत नाही. मीच भरवते."

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं नाही. दादानंही नाही.

खोलीत दोन पलंग होते. खिडकीशी ती बसली होती. पंचविशीची बाई, केस कापलेले, आईसारखंच कपाळ.

दादा दारातच थांबला. मग त्याला पुढे व्हावंच लागलं. तो तिच्यासमोर खाली बसला. "बदकू," म्हणाला.

तिनं त्याचा चेहरा बराच वेळ पाहिला. उजवा हात मांडीवर होता, दोन बोटं जोडलेली. डावा हात तिनं उचलला आणि त्याच्या गालावर ठेवला.

धाकटी रडत तिच्या पायाशी बसली. तिच्याही डोक्यावर तो डावा हात फिरला.

मी दाराबाहेर होते. मावशींनी मला हलकेच पुढे केलं. "या ना आत. नव्या माणसाला ती कधी घाबरत नाही."

मी उंबऱ्यावर पाय ठेवला. डबा मी पाठीमागे धरला होता.

तिनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं.

भावाच्या गालावरचा हात खाली आला. उजवा हात तिनं मांडीवरून सावकाश उचलला आणि पाठीमागे लपवला.

"अगंबाई," मावशी म्हणाल्या, "हे काय नवीन?"

तिची नजर माझ्या चेहऱ्यावर फार वेळ नव्हती. ती माझ्या उजव्या खांद्यावरून खाली उतरत गेली, आणि जिथे माझा हात पाठीमागे गेला होता तिथे थांबली.