बदलीला कोणी आलं नाही

जरा सरकून बसा, आणि मध्येच हसायचं नाही. दिघाशीचा केसरीनाथ हवालदार, माझ्या बहिणीचा दीर. त्याच्याच तोंडून मी हे ऐकलंय. काम साधं होतं. चौदा डिसेंबर दोन हजार तेवीस, गुरुवार. पडघ्याला जाऊन एक जबानी टाईप करून आणायची.

जबानी विशालबद्दलची. पूर्णा गावच्या काशीबाईचा एकुलता मुलगा, फौजेत केसरीनाथच्या हाताखाली होता. त्याच्या रेकॉर्डला लाल शाईचा शेरा पडला होता: पहाऱ्यावर झोपला. पोरानं अठ्ठावीस दिवस कोठडी भोगली. पुढं नोकरी सोडून मान खाली घालून घरी आला, नि वर्षभरात तापानं गेला. नऊ वर्षं म्हातारी तो शेरा काढायला अर्ज करत होती. "भाऊ, तुमी व्हते ना तिथं? खरं काय ते दोन ओळी लिवून द्या."

खरं केसरीनाथलाच ठाऊक होतं. विशाल झोपला नव्हता. त्याच्या बदलीला माणूस पाठवायला केसरीनाथच विसरला होता. अंगात ताप घेऊन पोरगा दोन पाळ्या उभा राहिला आणि कोसळला. आपली चूक झाकायला यानं रिपोर्ट दिला: झोपला.

आणि त्या दिवशी टाईप काय करून घेतलं? 'मला नक्की आठवत नाही.'

टायपिंगवाल्याकडची वीज गेलेली, मग दोस्ताकडे जेवण. निघायला उशीर झाला. पावणेबाराला दिघाशीच्या फाट्यापुढं मोटरसायकल बंद पडली. अमावास्या परवाच झालेली. गोदामांचे दिवे मागं राहिलेले. हेडलाईट विझता विझता त्याला कोणीतरी दिसलं. रस्त्याच्या कडेला. ताठ उभं.

"कोन हाय?"

...

"कोन हाय तिथं?"

"साहेब..." आवाज थकलेला. "माज्या बदलीला कोनी आला न्हाय."

पळावं म्हटलं... पाय उचलेना. समोर श्वास ऐकू येत होता. तापातल्या माणसाचा. भरभर...

"माजी चूक," केसरीनाथ कसाबसा बोलला. "माजीच व्हती, पोरा. तू जा. झोप. मी हाय उभा."

पावलं वाजली. लांब गेली.

पहाटे दूधवाल्यानं हलवलं, तेव्हा तो तिथंच उभा होता. सावधानमध्ये.

कागद त्यानं जागच्या जागी फाडला. खरी हकिगत हातानं लिहिली आणि तडक पूर्णा गाठलं. शेरा निघाला, पण त्याला पुढं दीड वर्ष लागलं.

त्या सकाळी काशीबाई दारातच होती. त्यानं कागद पुढं केला. "बाय, मी..."

तिनं ऐकलंच नाही. हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. विशाल गेल्यापासून गुंडाळून ठेवलेली त्याची गादी जमिनीवर अंथरलेली. मधोमध खळगा.

"हात लावा," ती म्हणाली.

त्यानं लावला.

गादी अजून गरम होती.